पिपाणीचे पुढचे दोन दात

पिपाणीचे पुढचे दोन दात तुटले, तेव्हा तिच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न असा होता : "रेकॉर्ड झालं का?"

झालं होतं. एका मोठ्या दुकानाच्या काचेच्या दारातून केस उडवत बाहेर यायचं आणि आपल्याकडे कुणी बघतच नाहीये असा चेहरा करायचा, एवढाच काय तो व्हिडिओ. फोन बाहेर कुंडीला टेकवून ठेवलेला. चार वेळा मनासारखं झालं नाही. चौथ्या आणि पाचव्या वेळेच्या मध्ये दुकानातल्या सफाईवाल्या बाईंनी दार पुसून लख्ख केलं आणि शिस्तीत लावून टाकलं. पिपाणीची नजर फोनवर. काच इतकी स्वच्छ होती की ती आहे हे पिपाणीला दातांनीच कळलं.

पिपाणी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे, आणि फोनवरचं तर मुळीच नव्हे. फोनवर तिचं नाव लांबलचक होतं, त्यात दोन चांदण्या होत्या आणि अकरा हजार चारशे माणसं तिला त्याच नावाने ओळखत होती. पिपाणी हे बाबांनी ठेवलेलं नाव. बोलायला लागायच्या आधी ती शीळ घालायला लागली, म्हणून. चौदाव्या वर्षी तिने घरात जाहीर केलं की यापुढे हे नाव चालणार नाही. घरच्यांनी लगेच मान्य केलं आणि लगेच विसरूनही गेले. आपणही तिला पिपाणीच म्हणू.

शीळ ही त्या घरातली वंशपरंपरागत गोष्ट. बाबांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, गव्हाचा दाणा आरामात बसेल एवढी, आणि त्या फटीवर त्यांचं पोट चालायचं म्हटलं तरी चालेल. ते मालगोदामात क्रेनला इशारे द्यायचे. एक लांब शीळ म्हणजे उचल, दोन तोकड्या म्हणजे थांब. कंपनीने दिलेली प्लास्टिकची शिट्टी खुंटीवर धूळ खात पडलेली. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस इंजिनाच्या गोंगाटातही बाबांची शीळ बरोबर ओळखायचा.

हीच शीळ संध्याकाळी घराखाली वाजायची. दोन तोकड्या, एक लांब : आलोय. लहानपणी पिपाणी हातातलं सगळं टाकून खिडकीत धावायची आणि एक तोकडी शीळ परत द्यायची : या. कारण तिच्याही दातांत तस्सीच फट होती. आई म्हणायची, बाकी सगळं माझ्यावर गेलंय, तेवढी एक फट तुमची.

मग चौदाव्या वर्षी शाळेच्या खेळांच्या दिवशी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने, चष्मीने, तिचा एक फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पिपाणी त्यात तोंड भरून हसत होती. खाली कुणीतरी तिच्या फटीवरून लिहिलं, 'टपालपेटी'. त्याच्याखाली एक्केचाळीस हसरे चेहरे उमटले. पिपाणीने ते मोजले. पुन्हा मोजले. वर्गात एकूण त्रेचाळीस मुलं होती, त्यातली एक ती स्वतः आणि एक त्या दिवशी आजारी. त्या संध्याकाळी बाबांनी खालून शीळ घातली तेव्हा ती खिडकीत गेली नाही.

तेव्हापासून सहा वर्षं बाबा रोज संध्याकाळी शीळ घालत होते आणि रोज उत्तराशिवाय जिना चढत होते. त्यांनी कधी विचारलं नाही. चष्मीने तो फोटो दुसऱ्याच दिवशी काढून टाकला, तरी पिपाणी तिच्याशी पुन्हा बोलली नाही. आणि पुढे फोनमध्ये चेहरा सुधारणारं एक अ‍ॅप आलं, तेव्हा पिपाणीला कुणीतरी आपलं ऐकल्यासारखं वाटलं. एक बोट फिरवलं की फट गायब. तिने ते बोट चार हजार फोटोंवर फिरवलं.

तर आता ते दातच राहिले नव्हते.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, मुळं शाबूत आहेत, वर कॅप बसवू, कुणाला कळणारही नाही. मुळांची कामं व्हायला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस पिपाणी तोंडाला मास्क लावून कॉलेजात गेली आणि सर्दीचं कारण सांगत राहिली. घरी ती दुधात भिजवलेला पाव खायची आणि बोलताना तोंडापुढे हात धरायची. फोनवर मात्र तिचं उत्तम चाललं होतं. जुन्या फोटोंचा साठा भरपूर होता. रोज सकाळी एक हसरी पिपाणी अकरा हजार लोकांपुढे हजर व्हायची. खरी पिपाणी पांघरुणात पडून तिला किती लाइक मिळाले ते बघायची. तिला त्या दुसरीचा थोडा हेवाही वाटायला लागला होता, आता काय बोलायचं.

दात बनवणारे मास्तर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसत. रंग जुळवायला डॉक्टरीणबाईंनी तिला तिकडे पाठवलं. लांबट खोली, खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा आणि घासायची मोटर. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलने आकडा. टेबलावरच्या दिव्याला चिमटा लावून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो अडकवला होता. ते कशावर तरी खदखदून हसत होते.

मास्तरांनी रंगांच्या नमुन्याचे दात तिच्या ओठाशी धरून बघितले, एक आकडा लिहून घेतला आणि हात पुढे केला. "फोटो दे."

"कसला?"

"हसताना काढलेला. आधीच्या दातांचा. त्याच्याशिवाय मी पक्के दात करत नाही, चाळीस वर्षांची खोड आहे. आणि हसायचं ठरवून काढलेला नको. हसू आलेला हवा."

पिपाणीने फोन त्यांच्या हातात दिला. "घ्या. चार हजार आहेत."

मास्तर खूश झाले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, दहावा बघितला. मग तीन मुलींच्या फोटोपाशी थांबले.

"या कोण?"

"मैत्रिणी."

"तिघींना एकाच साच्यातले दात? कुणाकडून केले सांग. माझा धंदा बसवणार तो."

मास्तरांचं बोट पुढे सरकलं आणि घरच्या फोटोवर आलं. हा तिने स्वतः काढला होता, सगळ्यांना सोफ्यावर दाटीवाटीने बसवून.

"या आजी?"

"हो."

"वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"दात फारच छान आहेत या वयात."

आजीच्या तोंडात गेली दहा वर्षं एकही दात नव्हता. केलेली कवळी ती कपाटातल्या कपात ठेवायची आणि पाहुणे आले की दाखवायला बाहेर काढायची. अ‍ॅपने कुणालाच वगळलं नव्हतं. सहा महिन्यांच्या भाच्यालाही वर चार आणि खाली चार दिले होते.

"आणि हे?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा."

भिंगाखाली बाबा दिसत होते. पांढरीशुभ्र सलग ओळ. हा फोटो तिने त्यांना दाखवला होता तेव्हा त्यांनी फोन बराच वेळ हातात धरला होता. 'छान आलाय,' म्हणाले होते. 'मी जरा दुसराच कुणी वाटतोय. पण छान आलाय.' तेव्हा ते तिला कौतुकच वाटलं होतं. आता मास्तरांसमोर तिच्या कानशिलांवर चटका बसला. त्यांची फट तिने त्यांना न विचारता बुजवली होती.

मास्तरांनी फोन खाली ठेवला आणि तिच्या जबड्याचं प्लास्टर उचललं. "हे बघ. मुळांमधलं अंतर सांगतंय की तुझ्या दातांत फट होती. ती बुजवायची तर दोन्ही दात थोडे रुंद करावे लागतील. करता येतात. पुष्कळ लोक करून घेतात, त्यात काही वाईट नाही. तू म्हणशील ते करीन. पण मुळात काय होतं ते मला बघू दे, मग ठरव. पक्के एकदा चिकटवले की चिकटवले."

"खरा फोटो नाहीये माझ्याकडे. सगळ्यांवर अ‍ॅप फिरवलंय."

"चार हजारांत एक नाही?"

"नाही."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. चिडवायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं. "बरं," ते म्हणाले, "आठवडाभर कच्चे दात घाल. फोटोतल्यासारखे करून देतो. वापरून बघ. तोवर शोध."

कच्चे दात दोन दिवसांत आले. डॉक्टरीणबाईंनी ते बसवले, आरसा दिला, आणि आरशातून फोनवरची ती दुसरी मुलगी पिपाणीकडे बघून हसली. इतकी वर्षं जे बोटाने करत होती, ते आता तोंडात बसलं होतं. रस्त्यात तिने मास्क काढून पिशवीत टाकला आणि दुकानांच्या काचांमध्ये बघत घरी आली. काचांपासून मात्र हातभर अंतर ठेवून.

आल्या आल्या तिने फोटो काढला. कसलंही अ‍ॅप न लावता, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. टाकला आणि बसली वाट बघत.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येणार कसं? त्यांनी तिचे हेच दात कायम बघितले होते. नेहमीची बदामं आली, नेहमीच्या तिघींनी नेहमीचं 'कसली भारी' लिहिलं, आणि एकूण आकडा रोजच्यापेक्षा बाराने कमीच भरला. अपघात, दोन आठवड्यांचा पाव, मुळांत घातलेल्या सुया, एवढं सगळं होऊन अकरा हजार माणसांच्या दृष्टीने तिच्या आयुष्यात ढिम्म काही घडलेलं नव्हतं. पिपाणीला हसावं की रडावं कळेना.

घरच्यांच्या मात्र लक्षात आलं. आई म्हणाली, "छान दिसतायत हो," आणि तिला जेवताना ताटात सगळं नीट वाढलं, पाहुण्याला वाढतात तसं. आजीने तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "कुणाच्या घरची गं तू?" आजी तशी खट्याळच, पण या वेळी कुणी हसलं नाही. बाबांनी गोदामातली पेटी तपासावी तसं तिला दोन्ही बाजूंनी बघितलं. "मजबूत बसलेत," म्हणाले. मग जरा थांबून, "तू खूश आहेस ना?"

"हो," पिपाणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली शीळ वाजली. दोन तोकड्या, एक लांब. पिपाणी तेव्हा न्हाणीघरात दात घासत होती. का कुणास ठाऊक, तिने ब्रश खाली ठेवला, ओठ आवळले, जीभ दातांमागे टेकवली आणि फुंकर मारली.

नुसती हवा. फूऽ.

तिने पुन्हा केलं. जीभ वर, जीभ खाली. आरशावर वाफ धरली आणि थुंकीचे चार शिंतोडे उडाले. शीळ काही येईना. सहा वर्षं आपण ठरवून वाजवत नाही, असं तिला वाटत होतं. वाजवायची म्हटलं तर कधीही वाजवू, ती कुठे जातेय, असं धरून चालली होती. आता ती खरंच गेली होती, आणि बाबांची पावलं जिन्यावरून वर येत होती. पिपाणी न्हाणीघरातल्या पालथ्या बादलीवर बसली आणि नळ सोडून चांगली रडली.

खरा फोटो कुठे आहे हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चष्मी तीन गल्ल्या सोडून राहायची. दारात येताना तिने ओले हात कपड्याला पुसले. सहा वर्षांत तिचा चष्मा जाड झाला होता. पिपाणीने वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. दार उघडल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही.

"तुझ्याकडे माझा एक फोटो होता," ती म्हणाली. "टपालपेटीचा."

चष्मीने तिला आत घेतलं. बराच वेळ कपाटाच्या खालच्या खणात शोधाशोध केली, एक जुना तडा गेलेला फोन काढला आणि चार्जिंगला लावला. फोन जागा होईपर्यंत दोघी त्याच्याकडे बघत बसल्या.

"ते मी लिहिलं नव्हतं," चष्मी एकदम म्हणाली.

"जाऊ दे आता."

"जाऊ कसं दे? तू विचारलंच नाहीस कधी. ते मागच्या बाकावरच्या ढोल्याने लिहिलं. मी नुसता फोटो टाकला होता."

"पण टाकलास का?"

"चांगला आला होता म्हणून. मला अजूनही आवडतो, म्हणून तर ठेवलाय."

"एक्केचाळीस जण हसले होते."

"त्यातली एक मी. तू हसत होतीस, ते बघून मला हसू आलं. ढोल्याचं मी वाचलंसुद्धा नव्हतं." चष्मीने चष्मा काढून पुसला. "बाकीच्या चाळिसांना विचारलंस का तू?"

विचारलं नव्हतं. मोजलं होतं फक्त.

फोन उजळला. फोटोत चौदा वर्षांची पिपाणी, एक वेणी सुटलेली, गुडघा खरचटलेला, मान मागे टाकून हसतेय. तेवढाच भाग तिच्या लक्षात होता. तिच्यामागे शाळेचं कुंपण होतं हे ती साफ विसरली होती. कुंपणापलीकडे बाबा उभे होते, गोदामातलं हेल्मेट डोक्यावर तसंच. कामातून पळून आले असणार. आताच शीळ घातली असावी, हात अजून हाक मारल्यासारखा हवेत होता. आणि तेही हसत होते. दोन तोंडं, एक फट.

"पाठव मला," पिपाणी म्हणाली. मग म्हणाली, "माझं चुकलं गं. मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," चष्मी म्हणाली. "आता चहा करू का, की आणखी सहा वर्षांनी येतेस?"

मास्तरांनी फोटो मोठा करून बघितला, भिंग लावून बघितला, छापून घेतला आणि हसऱ्या म्हाताऱ्याच्या जागी दिव्याला अडकवला. "हे झालं कामाचं," ते म्हणाले. "आता बोल. कुठले करू? रुंद की हे?"

पिपाणीला महान वगैरे काही वाटत नव्हतं. अकरा हजार चारशे माणसं तिच्या डोळ्यांपुढे उभी होती आणि त्यांच्यातला प्रत्येकजण एकच शब्द टाइप करत होता. तिने जिभेने ते कच्चे रुंद दात चाचपून बघितले. गुळगुळीत, सरळ, कुठेच अडकायला जागा नाही.

"हे केले तर शीळ वाजेल?"

"मी दात करतो. फट ठेवीन, मोजून ठेवीन. वाजवायचं तुझ्याकडे."

"आणि फोटोत..."

"फोटोत काय? ते अ‍ॅप आहे की तुझ्याकडे. आजींना पुरलं, तुला नाही पुरणार?"

पिपाणीला हसू आलं. ठरवून नव्हे, आलं. तोंडापुढे हात न्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. "हे करा," ती म्हणाली.

पक्के दात बसले त्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि न्हाणीघराची कडी लावून बसली. फूऽ. फूऽ. सहा वर्षांची गंजलेली जीभ, नवे दात, काही केल्या जमेना. आई बाहेरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?" आजीने सांगितलं, "नळ बिघडलाय." एकदा मध्येच उंदराच्या चीत्कारासारखं काहीतरी निघालं आणि परत गडप झालं. फोन बाहेर टेबलावर थरथरत होता. आज फोटो नाही का, असं विचारणारे चारपाच जण होते. त्यांना थांबावं लागलं.

दिवेलागणीला खाली शीळ वाजली. दोन तोकड्या, एक लांब.

पिपाणी खिडकीत गेली. खाली बाबा फाटकाशी उभे होते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट. वर न बघताच ते जिन्याकडे वळले. वर बघायची सवय त्यांची केव्हाच मोडली होती. पिपाणीने ओठ आवळले. पहिल्यांदा हवाच आली. बाबांचा पाय पहिल्या पायरीवर पडला. तिने डोळे मिटले, जीभ टेकवली आणि होता नव्हता तेवढा श्वास फटीतून सोडला.

फाटकी, ओली, मध्येच मोडलेली, पण शीळ आली. एक तोकडी : या.

बाबा पायरीवर थांबले. क्रेनवरचा माल मध्येच लटकावा तसे थांबले. मग हळूच मागे आले, मान वर केली, आणि त्यांना खिडकीत पिपाणी दिसली, दोन दातांत फट घेऊन हसणारी, डोळ्यांतून पाणी गळणारी. त्यांनी डबा खाली ठेवला. हेल्मेट डोक्यावर चढवलं. एक बोट आभाळाकडे करून ते गोल गोल फिरवायला लागले. क्रेनवाल्यांना ही खूण माहीत असते : उचल, अजून उचल.

पिपाणीने पुन्हा घातली. या वेळी जरा लांबली. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय चाललंय काय?" आजीने दुसऱ्या खिडकीतून तितक्याच मोठ्याने सांगितलं, "आमची पिपाणी आहे!"

बाबा वर आले तेव्हा दारात पिपाणी उभी होती. त्यांनी तिच्या दातांकडे बघितलं, हेल्मेट खुंटीला अडकवायला गेले आणि ते दोनदा खाली पडलं.

"सूर जरा खाली लागतोय," ते म्हणाले. "उद्या परत बघू."